युनायटेड मोठा की सिटी? आणि चार महिन्यांचा अबोला

पत्र : ताई, मी 26 वर्षांचा, घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. मी मँचेस्टर युनायटेडचा आणि माझा चुलतभाऊ, ज्याला घरात सगळे दादाच म्हणतात, तो मँचेस्टर सिटीचा. कोणता क्लब मोठा यावरून आम्ही बारा-तेरा वर्षं भांडतोय आणि आजवर त्यात मजाच होती. चार महिन्यांपूर्वी दादाने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 1958 च्या म्युनिकच्या विमान अपघातावरचा, ज्यात युनायटेडचे खेळाडू गेले, एक घाणेरडा जोक टाकला. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, 'तुझा क्लब दुसऱ्याच्या पैशावर मोठा झाला आणि तू बापाच्या.' दादाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान काकांनी फंड मोडून काढून दिलंय. काकांनी ते वाचलं आणि एक शब्द न बोलता ग्रुप सोडला. गौरी-गणपतीत आम्ही एकाच आरतीला उभे होतो, पण एकमेकांकडे बघितलं नाही. गंमत म्हणजे मला फुटबॉलचा नाद लावला तो दादानेच. 2008 साली युनायटेडच्या मॉस्कोतल्या युरोपियन कप फायनलला त्यानेच मला रात्री सव्वाबाराला हलवून उठवलं होतं. तुम्हीच एकदा निकाल द्या. ट्रॉफ्या, पैसा, जगभरातले चाहते, जुनेपणा, नेमकं काय बघायचं? तुमचं उत्तर मी त्याला पाठवीन. मी स्वतः दुकानात जाऊ शकत नाही, कारण सकाळी अकरापर्यंत तिथे काका एकटे असतात आणि नंतर दादा.
– मंगळवार पेठेतला युनायटेडवाला

प्रिय युनायटेडवाल्या,

निकाल मागितलायस, तर आधी तोच देते. मला विचारशील तर आजही युनायटेड मोठा. दादाचा सिटी गेली कित्येक वर्षं जास्त चांगला खेळलाय, त्याबद्दल वादच नाही. पण चांगला संघ वेगळा आणि मोठा क्लब वेगळा, आणि तुमचं निम्मं भांडण या दोन शब्दांची सरमिसळ झाल्यामुळे होतं. आता एवढंच कापून दादाला पाठवू नकोस. ज्या मापाने मी युनायटेडला मोठा म्हणते, त्याच मापाने सिटीसुद्धा चांगला दणकट मोठा निघतो. ते माप तुम्ही दोघांनीही कधी लावून बघितलेलं दिसत नाही.

ट्रॉफ्यांचं आधी उरकून टाकू. 2025 चा हंगाम संपला तेव्हा युनायटेडच्या नावावर 20 लीग विजेतेपदं होती, सिटीच्या 10. युरोपातला सर्वांत मोठा करंडक युनायटेडने तीनदा जिंकलाय, सिटीने 2023 मध्ये एकदा. हे आकडे तुला तोंडपाठ असणार. पण कपाट मोजून क्लबचं मोठेपण ठरवायचं असेल, तर नॉटिंगहॅम फॉरेस्टचं काय करशील? मॅनेजर ब्रायन क्लफच्या हाताखाली त्यांनी 1979 आणि 1980 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. देशातली लीग मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच जिंकलीय, 1978 मध्ये. घरापेक्षा युरोपात जास्त वेळा विजेता झालेला असा दुसरा क्लब नाही. पुढे 2005 ते 2008 हाच क्लब तिसऱ्या दर्जाच्या डिव्हिजनमध्ये खेळत होता. नुसते युरोपियन कप मोजायचे तर फॉरेस्ट आर्सेनलपेक्षा मोठा ठरतो, कारण आर्सेनलने 1980 नंतर कितीतरी वर्षं तो करंडक बघितलाच नाही. असं लंडनमध्ये जाऊन म्हणून बघ. ट्रॉफी सांगते की त्या वर्षी त्या अकरा जणांनी काय केलं. क्लब त्याहून लांबलचक असतो.

जगभरातल्या चाहत्यांचा हिशेब मी धरतच नाही. तू आणि दादा दोघंही त्याच हिशेबातले. तुम्ही टीव्हीवर बघून भक्त झालात, त्यात कमीपणा काही नाही. पण टीव्हीसमोरचा माणूस क्लब हरायला लागला की चॅनल बदलू शकतो. पावसात उभं राहून हरणारी मॅच बघणाऱ्याकडे रिमोट नसतो.

इथे मला माझी एक आठवण सांगायचीय, कारण माझं माप तिथून आलंय. मीही कोल्हापूरचीच. नऊ-दहा वर्षांची असताना वडील मला शाहू स्टेडियमवर घेऊन जायचे. आमच्या पेठेची तालीम, म्हणजे पेठेचा फुटबॉल संघ, त्या दिवशी चार गोलांनी हरली. आमच्या पुढच्या पायरीवर एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मॅचभर आमच्या गोलकीपरला अशा काही शिव्या घातल्या की वडिलांनी माझ्या हातात शेंगांचा पुडा देऊन मला दुसरीकडे बघायला लावलं. मॅच संपली, जिंकलेल्यांचे फटाके वाजले, स्टेडियम रिकामं व्हायला लागलं. गोलकीपर खांबाला टेकून बसून राहिला होता. चिखलाने त्याच्या बुटाची नाडी आवळली होती आणि थरथरत्या बोटांनी ती सुटत नव्हती. तेच गृहस्थ खाली उतरले, त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि दातांनी ती गाठ सोडवली. मग त्याची बॅग स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि दोघं तालमीकडे चालत निघाले. वडील मला म्हणाले, चल, आपणही त्यांच्या मागून जाऊ. आम्ही वीस-पंचवीस माणसं असू. कोणी काही बोलत नव्हतं. त्या वर्षी आमच्या तालमीने काहीही जिंकलं नाही. तरी आमची तालीम लहान आहे असं मला त्या संध्याकाळनंतर कधी वाटलं नाही.

तू कोल्हापूरचा आहेस, तुला हे नव्याने सांगायला नको. इथल्या तालमी मुळात कुस्तीच्या. लाल मातीच्या आखाड्यांतूनच इथले फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो, पोरगं कुठल्या संघाचं हे ते कुठल्या गल्लीत जन्मलं यावर ठरतं. यंदा संघ जिंकणार का हे बघून कोणी तालीम निवडत नाही. म्हणून माझं माप हे : पडत्या काळात किती माणसं उरली.

आता हे माप मँचेस्टरला लावू.

27 एप्रिल 1974. युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेड विरुद्ध सिटी. युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याच्या काठावर. शेवटची नऊ-दहा मिनिटं उरलेली असताना सिटीच्या डेनिस लॉने टाचेने चेंडू मागच्या मागे गोलमध्ये सरकवला. हाच लॉ त्याआधी अकरा वर्षं युनायटेडचा लाडका होता. गोल झाला आणि तो मान खाली घालून चालू लागला. सहकारी पाठ थोपटत होते, त्याचा चेहरा मात्र घरात कोणी गेल्यासारखा. त्या दिवशीचे इतर निकाल बघता युनायटेड तसंही खाली जाणारच होतं, पण लॉला ते मैदानावर कुठून कळणार? तो आनंद साजरा करू शकला नाही. आणि पुढे काय झालं ते बघ. 1974-75 चा अख्खा हंगाम युनायटेड सेकंड डिव्हिजनमध्ये खेळलं आणि त्या हंगामात इंग्लंडमधल्या सगळ्या क्लबांत, वरच्या डिव्हिजनसकट, सर्वाधिक सरासरी गर्दी ओल्ड ट्रॅफर्डवर होती. 48 हजारांच्या वर. 20 विजेतेपदांपेक्षा मला हा आकडा मोठा वाटतो. मी युनायटेडच्या बाजूने कौल दिला तो याच्या जोरावर.

आता सिटी. दादाला तू 'पैशाचा क्लब' म्हणतोस. 2008 मध्ये अबुधाबीचा पैसा आला हे खरंच आहे, आणि तो आला नसता तर 2012 चं विजेतेपद दिसलं नसतं हेही खरं. त्या पैशावर प्रश्न विचारायलाच हवेत, ते विचारायला मी तुला अडवणार नाही. पण पैशाच्या आधीचा सिटी तुला माहीत आहे का? 1998 मध्ये हा क्लब तिसऱ्या दर्जाच्या डिव्हिजनला गेला. त्याच शहरात, त्याच हंगामात, तुझा युनायटेड लीग, एफए कप आणि युरोप असं तिन्ही जिंकत होता. विचार कर, शाळेत, कारखान्यात, पबमध्ये रोज शेजारी युनायटेडवाला बसलेला आणि तुमची शनिवारची मॅच कुठल्यातरी गावच्या संघाशी. तरी मेन रोड या सिटीच्या तेव्हाच्या मैदानावर दर मॅचला सरासरी 28 हजारांच्या आसपास माणसं येत होती. तिसऱ्या दर्जाला! त्या माणसांना तेव्हा अबुधाबी नकाशावर दाखवता आली असती का, कोण जाणे.

26 मे 1999 ला बार्सिलोनात युनायटेडने बायर्न म्युनिकविरुद्ध नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत दोन गोल मारून युरोपियन कप नेला, शेरिंगहॅम आणि सोल्शार, हे तुला झोपेत विचारलं तरी येईल. पण त्यानंतर चारच दिवसांनी, 30 मे रोजी, वेम्बलीवर सिटी जिलिंगहॅमशी खेळत होता. वरच्या डिव्हिजनमध्ये जायला मिळावं म्हणून, ट्रॉफीचा विषयच नव्हता. नव्वदाव्या मिनिटाला स्कोअर 0-2. कित्येक सिटीवाले उठून दाराकडे निघालेसुद्धा होते. हॉर्लॉकने एक फेडला. भरपाई वेळ पाच मिनिटं होता आणि पाचव्या मिनिटाला पॉल डिकॉव्हने बरोबरी केली. समोरचा गोलकीपर व्हिन्स बार्ट्राम म्हणजे डिकॉव्हच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला जिवलग मित्र. मग पेनल्टीवर सिटी जिंकला. तो गोल झाला नसता तर सिटीचं पुढे काय झालं असतं, तेरा वर्षांनी सिटीला विजेतेपद देणारा अग्वेरोचा गोल झाला असता का, हे आज कोणीच सांगू शकत नाही. दादा 2012 च्या त्या रात्रीपासून सिटीवाला झाला असेल असा माझा अंदाज आहे, त्या वयाची बरीच पोरं तेव्हाच झाली. त्याला 1999 च्या या दुपारबद्दल विचार. माहीत नसेल तर तू सांग. युनायटेडवाल्याच्या तोंडून ऐकताना त्याला जे वाटेल, ते शंभर ट्रॉफ्यांच्या यादीने वाटणार नाही.

म्युनिकचं आता. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण खरी जखम तिथे आहे.

6 फेब्रुवारी 1958. युनायटेडचा संघ बेलग्रेडहून 3-3 अशी बरोबरी करून परतत होता. इंधनासाठी विमान म्युनिकला थांबलं. धावपट्टीवर बर्फाचा चिखल. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं, तिसऱ्या वेळी विमान धावपट्टी सोडून कुंपणापलीकडे गेलं. 23 माणसं गेली, त्यातले आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस इस्पितळात झुंजला आणि एकविसाव्या वर्षी गेला. अपघातानंतर तेराव्या दिवशी युनायटेडची पुढची मॅच होती. त्या मॅचच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या बाजूला खेळाडूंची नावंच नव्हती. कोण खेळणार हे छापखान्यात जाईपर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून अकरा जागा कोऱ्या सोडल्या होत्या. लोक पेन्सिल घेऊन बसले आणि लाऊडस्पीकरवर एकेक नाव आलं तसं लिहीत गेले. बाराव्या-तेराव्या दिवशी आपल्याकडे घरात काय वातावरण असतं ते तुला माहीत आहे. तसल्या दिवशी ती माणसं मैदानावर आली होती.

दादाला हे सांगशील तेव्हा आणखी एक गोष्ट सांग. त्या विमानात पत्रकार म्हणून फ्रँक स्विफ्ट होता. हा स्विफ्ट सिटीचा. सिटीचा सर्वांत थोर गोलकीपर कोण असं जुन्या माणसांना विचारलं तर जी दोन-तीन नावं येतात, त्यातलं हे एक. 1934 च्या एफए कप फायनलला तो अवघा वीस वर्षांचा होता. शिट्टी वाजली आणि जिंकल्याच्या धक्क्याने तो गोलमध्येच बेशुद्ध पडला. त्या फायनलमध्ये त्याच्या पुढे सिटीच्याच संघातून खेळत होता मॅट बझ्बी. हो, तोच बझ्बी, जो पुढे युनायटेडचा मॅनेजर झाला आणि म्युनिकमधून जेमतेम वाचला. स्विफ्ट वाचला नाही. म्हणजे दादाने ज्या अपघातावर जोक टाकला, त्यात त्याच्या स्वतःच्या क्लबचा माणूस गेलाय. त्याला ते ठाऊक असतं तर त्याने तो जोक टाकला नसता, असं मला मनापासून वाटतं. पोरं असले जोक कुठूनतरी आले की पुढे ढकलतात, आत काय आहे ते बघत नाहीत.

ही दोन घरं एकमेकांत किती गुंतलेली आहेत त्याचा आणखी एक दाखला. मार्च 1941 मध्ये जर्मन बाँबने ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झालं. 1949 पर्यंत युनायटेडने घरच्या मॅचेस कुठे खेळल्या? सिटीच्या मेन रोडवर, भाडं देऊन. जानेवारी 1948 मध्ये आर्सेनलविरुद्ध युनायटेडची मॅच बघायला 80 हजारांच्या वर माणसं आली, तीही सिटीच्याच मैदानात. आणि 10 फेब्रुवारी 2008 ला, म्युनिकला पन्नास वर्षं झाली त्या आठवड्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर नेमकी डर्बी, म्हणजे युनायटेड-सिटीचीच मॅच, आली. सगळ्यांना धाकधूक होती की सिटीवाले त्या मौनाच्या मिनिटात काहीतरी ओरडणार. कोणी ओरडलं नाही. हजारो सिटीवाले पूर्ण मिनिटभर गप्प उभे राहिले. मग मॅच सुरू झाली आणि सिटीने ती 2-1 ने जिंकली. दादाला सिटीचा अभिमान बाळगायचाच असेल तर त्या एका मिनिटाचा बाळगावा. त्याच्या क्लबच्या मोठेपणाचा याहून भक्कम पुरावा माझ्याकडे नाही.

एवढं वाचल्यावर तुला कळलं असेल की दादाच्या जोकचा राग येणं बरोबरच होतं. मेलेल्यांवर हसायचं नाही, ही एक रेघ तुम्ही दोघांनी आखून घ्या, बाकी काय हवं ते बोला. कपाटं काढा, गोल मोजा, एकमेकांच्या मॅनेजरना नावं ठेवा. मला स्वतःला असला वाद फार आवडतो. ज्या घरात पोरं तासन्‌तास असं भांडतात ते घर जिवंत असतं.

पण तुझं वाक्य त्या रेघेच्या पलीकडचं होतं, आणि हे मला तुला स्पष्ट सांगायलाच हवं. दादाने 1958 मधल्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसांना दुखावलं. तू काकांना दुखावलंस, आणि ते ग्रुपवर तुझ्या आई-वडिलांसकट सगळ्यांच्या देखत. नोकरीत आयुष्यभर पगारातून थोडा थोडा कापून जमलेला फंड मोडणं म्हणजे काय, हे पंचविशीत कळत नाही. मुलाला दुकान काढून देताना त्या माणसाने म्हातारपणाची चटई निम्मी गुंडाळून ठेवली असणार. तू त्याला 'बापाचा पैसा' म्हणालास. अबुधाबीच्या शेखाने सिटी विकत घेणं आणि काकांनी फंड मोडणं यांत काहीएक साम्य नाही, आणि ते तुलाही माहीत आहे. रागात हाताला जे लागलं ते तू फेकलंस.

काकांनी तुला उलट एक शब्द लिहिला नाही, हेही लक्षात घे. घरातला वडील माणूस भांडला असता तर सोपं झालं असतं. तो गप्प बसून बाजूला झाला, म्हणजे त्याला खोल लागलंय.

माझा लेख दादाला पाठवू नकोस. मोबाईलवरून काहीच करू नकोस. जे बिघडलं ते मोबाईलवरच बिघडलंय. आधी काकांकडे जा, दादाकडे नंतर. काकांसमोर युनायटेड, सिटी, म्युनिक यातलं अवाक्षर काढू नकोस, दादाने आधी काय केलं तेही सांगू नकोस. पाया पड आणि 'काका, मी फार वाईट बोललो' एवढंच म्हण. त्यांनी विचारलं तर बोल, नाही विचारलं तर तिथे थोडा वेळ बसून राहा. ते चहा मागवतील. मागवला तर पी.

दादाचं त्यानंतर. त्याला म्युनिकचं सांगायला एक मॅच बघायला बोलाव, तुझ्या घरी, दोघंच. फ्रँक स्विफ्टची गोष्ट मॅचच्या आधी सांग, हाफटाइमला नको. हाफटाइमला माणूस स्कोअरच्या तंद्रीत असतो. आणि सांगताना हे विसरू नकोस की 2008 च्या त्या रात्री तुला झोपेतून उठवून टीव्हीसमोर बसवणारा तोच होता. समोरच्या चेल्सीचा टेरी पेनल्टी मारताना घसरला आणि युनायटेड जिंकलं, तेव्हा आठ वर्षांच्या तुझ्या आरडाओरड्याने घर जागं होऊ नये म्हणून तुझ्या तोंडावर हात कोणी ठेवला असेल? त्या वेळी त्याचा स्वतःचा क्लब कुठला हे ठरलेलंही नव्हतं.

काका अकरापर्यंत दुकानात एकटे असतात, असं तूच लिहिलंयस. उद्या साडेनवाला शटर वर गेलं की जा.

तुझी,
ताई